ऑक्सिजन मशीनची सवय लागते का?

प्रश्न : वडिलांना सीओपीडी आहे. ऑक्सिजन कमी पडून फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांमध्ये पेशी वाढल्यात, असं डॉक्टर म्हणाले. हा कॅन्सर का? मशीनची सवय लागेल का?

उत्तर : घाबरू नका, हा कॅन्सर नव्हे. ऑक्सिजन कमी पडला की फुफ्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात. हे महिनोन्‌महिने चाललं की त्यांच्या भिंतीतल्या स्नायूपेशी वाढतात, वाट अरुंद होते आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. मशीनची सवय लागत नाही, उलट त्याने हा ताण हलका होतो. सहसा दिवसाला किमान १५ तास, झोपेतही, ते लावायला सांगतात. मात्र प्रवाह स्वतःहून वाढवू नका. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू शकतो. जवळपास विडी, निरांजन, गॅस नको. पायांवर सूज दिसली तर लगेच डॉक्टरांना दाखवा.