विमानाच्या प्रतिकृतीवरील बारकावे : प्रमाणाचा एक पाठ

हस्तव्यवसायाच्या तासाला इयत्ता सहावी-सातवीचे विद्यार्थी लाकडाची विमाने मोठ्या उत्साहाने तयार करतात. धड, पंख व शेपटी यांची मापे बहुधा बरोबर साधतात. परंतु पृष्ठभागावरील बारकावे दाखविण्याची वेळ आली, की मोजपट्टी बाजूला पडते आणि जाड रेघा व ठिपके यांनी सारे विमान भरून जाते. प्रमाण जसे आकाराला, तसेच ते रेघेलाही लागू आहे, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविणे हा या पाठाचा हेतू होय.

उदाहरणादाखल डकोटा विमान घ्यावे. डी. सी. ३ या नावाने हे विमान १७ डिसेंबर १९३५ रोजी प्रथम उडाले. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी भारतीय सैनिकांना श्रीनगरला पोचविले ते डकोटा विमानांनीच. याच्या पंखांचा विस्तार सुमारे २९ मीटर व लांबी २० मीटरांहून किंचित कमी असते. १:१०० हे प्रमाण घेतल्यास १ मीटरास १ सेंटिमीटर पडतो, म्हणजे प्रतिकृतीचे पंख २९ सेंटिमीटर होतात.

आता फळ्यावर प्रश्न मांडावा : बोथट पेन्सिलीची रेघ अर्धा मिलिमीटर रुंद असेल, तर खऱ्या विमानावर ती किती रुंद होईल? उत्तर ५ सेंटिमीटर येते. पत्र्यांच्या सांध्यात दोन-तीन बोटे सहज शिरतील एवढी फट! अशा विमानात कोण बसेल, असे विचारताच मुले हसतील. परंतु पुढची रेघ जपूनच ओढतील.

यानंतर छायाचित्राचे अवलोकन करवून पृष्ठभागावरील खुणांचे तीन वर्ग पाडावेत.

१. हलत्या भागांचे सांधे : पंखांच्या मागील कडेचे भाग, शेपटीचे सुकाणू इत्यादी. येथे खरोखरच फट असते. म्हणून ही रेघ थोडी खोल असावी.

२. पत्र्यांचे सांधे : एवढे मोठे धड एकाच पत्र्याचे होत नाही, अनेक पत्रे रिवेटांनी जोडलेले असतात. ही रेघ अगदी पुसट असावी. डकोटाचे सुकाणू मात्र कापडाने मढविलेले असते. त्यावर पत्र्याचा सांधा दाखविणे चूक होय.

३. रिवेट : एक सेंटिमीटर रुंदीचे डोके धरले, तरी प्रतिकृतीत ते मिलिमीटराचा दहावा भाग होते. म्हणून ते दाखवूच नयेत. काय गाळावे हे कळणे, हाही प्रमाणज्ञानाचाच भाग आहे.

कृती : पांगाऱ्यासारख्या मऊ लाकडावर सुई टेकली, तर ती रेषांच्या ओढीने भरकटते. म्हणून खडूची वस्त्रगाळ पूड सरसाच्या पाण्यात कालवून तिचे दोन-तीन पातळ हात द्यावेत व वाळल्यावर बारीक काचकागदाने घासून घ्यावे. धड गोल असल्याने लाकडी पट्टी तेथे बसत नाही. सरळ कडेची जाड कागदाची पट्टी धडाभोवती ताणून गुंडाळावी व तिच्या कडेने सुई फिरवावी. सुईचे बूड लाकडी मुठीत रोवलेले असावे. एकदाच जोर न देता दोन-तीन वेळा हलक्या हाताने ओढावे. त्यावर चंदेरी तैलरंगाचा पातळ हात द्यावा. दाट रंगाने रेघा बुजतात. रंग पूर्ण वाळल्यावर पाण्यात कालवलेला राखी रंग केवळ पहिल्या वर्गाच्या रेघांत सोडून वरचा भाग फडक्याने लगेच पुसून घ्यावा.

काम तपासताना सफाईला गुण द्यावेत, पण त्याआधी कोणत्याही एका रेघेवर बोट ठेवून विचारावे, "ही रेघ कशाची?" विद्यार्थ्याला उत्तर देता आले, तर ती रेघ त्याने पाहून काढली आहे. न आले, तर ती केवळ शोभेसाठी काढली, असे समजावे. तिच्यावर अस्तराचा एक थेंब सोडून ती बुजविता येते, हेही त्याला दाखवावे, म्हणजे तो नाउमेद होणार नाही. थोड्याच रेघा असलेली, पण प्रत्येक रेघेचे कारण सांगता येईल अशी प्रतिकृती वर्गात मांडण्यास अधिक योग्य होय.