तिकीट नको, तिथी बघा : रामघाटावरचा कार्तिकी आठवडा, खर्चासह

उज्जैनच्या रामघाटावर आणि आसपास पाहण्या-ऐकण्यासारखं जे आहे, त्यातल्या बहुतेक गोष्टींना तिकीट नाही. क्षिप्रेची सायंआरती फुकट, महाकालाची पालखी फुकट, कालिदास समारोहातली नाटकं फुकट. तरी चौघांचं कुटुंब परत आलं की वीस-पंचवीस हजारांचा हिशेब लागत नाही. माझ्या मते त्यातले निम्मे पैसे चुकीच्या दिवशी गेल्यामुळे जातात. सोमवारी पालखी होती हे मंगळवारी कळतं, मग 'आता आलोच आहोत तर' म्हणून दिवसभराची गाडी ठरते आणि ज्याची गरज नव्हती ते सगळं पाहून होतं. उज्जैनचा खर्च आटोक्यात ठेवायचा तर दरपत्रकाच्या आधी पंचांग उघडावं.

माझी शिफारस एकाच आठवड्याची : कार्तिक शुद्ध एकादशी ते पौर्णिमा. आपल्याकडे पंढरपूरची कार्तिकी आणि तुळशीची लग्नं असतात, तेच दिवस. इंग्रजी तारीख मात्र दरवर्षी उड्या मारते. ही एकादशी २०२४ साली १२ नोव्हेंबरला होती, २०२५ साली १ नोव्हेंबरला, आणि अधिक ज्येष्ठामुळे २०२६ साली थेट २० नोव्हेंबरला. मागच्या वर्षीच्या तारखेवर विसंबून रजा टाकली तर नाटकांच्या जागी रिकामा मांडव दिसेल.

श्रावणात जाणाऱ्यांनी तर दुप्पट जपावं. तिकडचा श्रावण गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी लागतो, आपला आषाढी अमावास्येनंतर. म्हणजे आपल्या आषाढ वद्यातच महाकालाच्या सोमवारच्या सवाऱ्या, म्हणजे पालख्या, सुरू झालेल्या असतात. पण त्या त्यांच्या श्रावणाबरोबर थांबत नाहीत, भादव्याच्या पहिल्या पंधरवड्यातही निघतात, कारण मराठी श्रावण तेव्हाच संपतो. ही शिंदेशाहीची खूण, असं उज्जैनकर सांगतात. त्यामुळे मराठी माणसाने आपल्या कॅलेंडरवरच्या श्रावणात जाऊनही शेवटची, सर्वांत मोठी सवारी सापडते. गर्दी मात्र इतकी असते की खोल्यांचे भाव कुठवर जातील याला धरबंध नाही. कार्तिक परवडतो तो म्हणूनच. सवारी तेव्हाही असते, हवा थंड असते आणि शहरात श्वास घ्यायला जागा असते.

आता त्या आठवड्यात काय पाहायचं ते.

पहिला मान कालिदास समारोहाला. पंडित सूर्यनारायण व्यासांच्या पुढाकाराने १९५८ साली तो सुरू झाला. पहिल्या समारोहाचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी केलं होतं. एकादशीपासून सात दिवस कोठी रोडवरच्या कालिदास संस्कृत अकादमीत तो चालतो. दिवसा व्याख्यानं आणि कालिदासाच्या काव्यांवरच्या चित्रांचं प्रदर्शन, संध्याकाळी नाटक, नृत्य, गाणं. आदल्या दिवशी क्षिप्रेचं पाणी भरून कलशयात्रा निघते. प्रवेशमूल्य शून्य. पुढच्या रांगा पाहुण्यांसाठी राखलेल्या असतात, म्हणून अर्धा-पाऊण तास आधी जावं. स्वेटर किंवा शाल हवी, कारण रात्री माळव्यात चांगलाच गारवा असतो.

संस्कृत नाटक कळेल का, ही धास्ती अनेकांना असते. गोष्ट ठाऊक असली की कळतं. संगीत नाटकांवर वाढलेल्या मराठी घराला शकुंतला परकी नाही. किर्लोस्करांनी १८८० सालीच तिला आपल्या रंगमंचावर गायला लावलं. 'विक्रमोर्वशीय' किंवा 'मालविकाग्निमित्र' असेल तर कथानक जाण्यापूर्वी वाचून ठेवा, एक तास पुरतो. खरा खर्च येतो तो परतीच्या रिक्षेचा. अकादमी रामघाटापासून बरीच लांब. दिवसा ई-रिक्षात माणशी वीस-तीस रुपयांत भागतं, रात्री नाटक सुटल्यावर त्याच अंतराला शे-दीडशे मागतात. जातानाच परतीचं बोलून ठेवावं.

दुसरी गोष्ट सोमवारची सवारी. कार्तिक-मार्गशीर्षातल्या सोमवारीही महाकाल नगरप्रदक्षिणेला निघतात. दुपारी चारच्या सुमारास पालखी मंदिरातून निघते आणि गुदरी चौक, बक्षी बाजार, कहारवाडी करत रामघाटावर येते. तिथे क्षिप्रेच्या पाण्याने अभिषेक-पूजन होतं आणि मग पालखी परत फिरते. माझ्या मते घाटावरची जागाच सर्वांत चांगली, कारण गल्लीत पालखी क्षणभर दिसते आणि इथे ती थांबते. तीन वाजता येऊन पायरी धरावी. 'व्हीआयपी जागा मिळवून देतो' म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे व्हावं. पायऱ्या सगळ्यांच्या आहेत.

तिसरी, आणि बाहेरच्यांना फारशी माहीत नसलेली, वैकुंठ चतुर्दशीची हरिहर भेट. रात्री अकराच्या सुमारास महाकालाची पालखी गोपाळ मंदिराकडे निघते. मध्यरात्री हराकडून हरीला बेल आणि हरीकडून हराला तुळस अर्पण होते. हे गोपाळ मंदिर दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाईंनी बांधलं. बायजाबाई कागलच्या घाटग्यांच्या, म्हणजे कोल्हापूरकरांना माहेरच्या माणसाचं देऊळ पाहिल्याचं समाधान वेगळं. खर्च काही नाही, झोप जाते एवढंच. तिथीच्या घोळामुळे ही रात्र कधी एक दिवस मागे-पुढे होते. मंदिराकडून जाहीर झालेली तारीखच प्रमाण माना.

पौर्णिमेला रामघाटावर स्नानाची गर्दी असते आणि नदीकाठी महापालिकेची कार्तिक जत्रा सुरू होते. नदीत पाणी पुरेसं असतं, त्यामागे नर्मदेचाही हात आहे. २०१४ पासून जोडप्रकल्पातून नर्मदेचं पाणी क्षिप्रेत सोडतात. नावेत बसायचं असेल तर माणशी दर, किती वेळ आणि कुठवर, हे तिन्ही चढण्यापूर्वी बोलून घ्या.

आरतीबद्दल एकच. ती सूर्यास्ताला होते आणि ती पाहायला कुणालाही काही द्यावं लागत नाही. ताट फिरलं तर दहा-वीस टाकावेत, यजमान म्हणून बसवून मोठी दक्षिणा सुचवली तर नको म्हणता येतं. पूजा, पिंडदान वगैरे करायचं असेल तर सामानासकट आकडा आधी ठरवावा. 'जे मनाला येईल ते द्या' हे ऐकलं की समजावं, आकडा शेवटी येणार आहे. इथल्या तीर्थपुरोहितांकडे यजमानांच्या पिढ्यांच्या वह्या असतात. मूळ गाव आणि आडनाव सांगून आपल्या पणजोबांची नोंद शोधून पाहायला मिळाली, तर त्याला शे-दोनशे दक्षिणा मी आनंदाने देईन. उज्जैनमधला तो माझ्या लेखी सर्वांत वसूल खर्च.

महाकालाच्या मंदिरात दोन ठिकाणी पैसे लागतात. शीघ्र दर्शन माणशी २५० रुपये आणि पहाटे चारच्या भस्मारतीची ऑनलाइन नोंदणी माणशी २०० रुपये. दर बदलू शकतात, निघण्यापूर्वी मंदिराच्याच संकेतस्थळावर पाहावं आणि नोंदणीही तिथेच करावी. भस्मारतीच्या जागा फार लवकर भरतात आणि हाच दलालांचा धंदा. दोनशेच्या पासाला दोन-तीन हजार मागणारा माणूस भेटला तर पैसे आणि पहाट दोन्ही जाण्याची शक्यता धरून चालावं, कारण पासावर नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक असतो. शीघ्र दर्शन मी सोमवारी घेईन, एरवी नाही. मंदिरात मोबाइल नेता येत नाही. बाहेरचा महाकाल लोक, ऑक्टोबर २०२२ मध्ये खुला झालेला, बिनतिकिटाचा. संध्याकाळी दिवे लागल्यावर पाहावा, दुपारी दगड तापतात.

जाण्याच्या आधीच्या आठवड्यात घरी काय पाहावं, ऐकावं आणि वाचावं?

चित्रपटात गिरीश कार्नाडांचा 'उत्सव' (१९८४). 'मृच्छकटिका'वर आधारलेला आणि उज्जयिनीतच घडणारा, रेखा, शेखर सुमन, शशी कपूर आणि अमजद खानांचा. मुलांना घेऊन बसण्यासारखा मात्र नाही. नव्यातला 'ओएमजी २' (२०२३) उज्जैनमध्येच घडतो. लैंगिक शिक्षणासारखा विषय महाकालाच्या अंगणात आणण्याचं धाडस त्यात आहे, पण उत्तरार्धातली कोर्टातली भाषणं लांबली आहेत. नेटफ्लिक्सवर पाहायचा असेल तर मोबाइलपुरती योजना महिन्याला १४९ रुपये. एका चित्रपटासाठी घेतली तर आठवणीने बंद करा. दूरचित्रवाणीसाठी एक पैसाही नको. श्याम बेनेगलांच्या 'भारत एक खोज'मधला कालिदास-शकुंतलेचा भाग प्रसारभारतीच्या यूट्यूब वाहिनीवर आहे. मुलांसाठी रामानंद सागरांचा 'विक्रम और बेताल' आहेच, अरुण गोविल रामाच्या आधी विक्रम झाले होते.

गाण्यात माळवा म्हणजे कुमार गंधर्व. क्षयाच्या आजारात कोरड्या हवेसाठी १९४८ साली ते देवासला आले आणि तिथलेच झाले. त्यांची निर्गुणी भजनं सगळ्या संगीत-ॲपवर जाहिरातींसह फुकट ऐकता येतात. शबनम विरमाणींच्या कबीर प्रकल्पातला 'कोई सुनता है' हा माहितीपट कुमारांच्या गाण्याभोवती फिरतो, आणि 'चलो हमारा देस' प्रह्लादसिंह टिपानियांबरोबर. टिपानिया उज्जैन जिल्ह्यातल्या लुनियाखेडीचे, पूर्वी शाळेत शिकवणारे, तंबुऱ्यावर माळवी कबीर गाणारे. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दोन्ही चित्रपट यूट्यूबवर आहेत. उज्जैनहून देवास चाळीसेक किलोमीटर. एसटीसारख्या बसने अर्धा दिवस पुरतो, शंभराच्या आत जाता येतं.

पुस्तकांची निवड करताना मी जरा हट्टी होतो. 'मेघदूत' घ्यायचंच. यक्ष ढगाला सांगतो की वाट वाकडी झाली तरी उज्जयिनी चुकवू नकोस, महाकालाच्या सायंपूजेपर्यंत थांब. पर्यटनाची इतकी जुनी आणि इतकी बरोबर शिफारस दुसरी मला माहीत नाही. मराठीत चिंतामणराव देशमुख, बोरकर, कुसुमाग्रज, शान्ता शेळके अशा अनेकांनी ते आणलं. पहिल्यांदा वाचणाऱ्याने शेळक्यांचं घ्यावं.

पण खरी शिफारस शरच्चंद्र मुक्तिबोधांच्या 'क्षिप्रा' या कादंबरीची. १९५४ची, पुढे 'सरहद्द' आणि 'जन हे वोळतु जेथे' अशी त्रयी झाली. हिंदीतले मोठे कवी गजानन माधव मुक्तिबोध हे त्यांचे थोरले बंधू. एकाच मराठी घरातला एक भाऊ हिंदीत गेला, दुसरा मराठीत राहिला. माळव्यातल्या मराठी माणसांचं रोजचं जगणं देवळांच्या पुस्तिकांत सापडत नाही, ते इथे सापडतं. दुकानात सहज मिळणार नाही. विकत घेण्याची धडपड करण्यापेक्षा जिल्हा ग्रंथालयात किंवा जुन्या वाचनालयात विचारा, वर्गणीपलीकडे खर्च नाही.

तिसरं, गोडसे भटजींचं 'माझा प्रवास'. बायजाबाई मथुरेत मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, या आशेने वरसईचा हा गरीब भिक्षुक निघाला आणि १८५७च्या धामधुमीत सापडला. चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ साली छापलं, स्वामित्वहक्क केव्हाच संपला, म्हणून जुनी प्रत आंतरजालावर फुकट मिळते. गोपाळ मंदिराच्या पायरीवर बसून वाचायला दुसरं पुस्तक नको.

आता बेरीज, मुंबईहून, एका माणसाची, दोघांत एक खोली धरून. स्लीपरने जाऊन-येऊन हजाराच्या आत, थ्री एसीने अडीच हजारांच्या आत. चार रात्री साध्या स्वच्छ खोलीचे माणशी अडीच हजार धरा. धर्मशाळा किंवा भक्तनिवास मिळाला तर निम्मे. सकाळी पोहे-जिलेबी, दुपारी दाल-बाफले, रात्री हलकं, असे दिवसाला चारशे-पाचशे. एकादशीला साबुदाण्याची खिचडी कुठेही मिळते. रिक्षांचे सहाशे, देवासची बस शंभर-दोनशे, भस्मारतीचे दोनशे. स्लीपरने सहा-साडेसहा हजार, एसीने आठ. हे माझे अंदाज आहेत, दोन-चारशे इकडे-तिकडे धरावेत. कार्यक्रमांचा वाटा यात दोनशे रुपयांचा.

२०२६चा बेत असेल तर मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी सुटणारी अवंतिका एक्सप्रेस गुरुवारी, १९ नोव्हेंबरला पकडावी. एकादशीला सकाळी उज्जैन. सोमवारची सवारी २३ तारखेला, पौर्णिमेचं स्नान २४ला, आणि त्याच संध्याकाळी परतीची गाडी. पुण्याहून जाणाऱ्यांना इंदूरची गाडी उज्जैनवरूनच जाते. आरक्षण साठ दिवस आधी, सकाळी आठला उघडतं. म्हणजे जाण्याचं २० सप्टेंबरला आणि परतीचं २५ला.