टर्बो एक, हाउसिंग तीन, घ्यायचं कोणतं?

प्रश्न : माझा चुलतभाऊ ऑकलंडला असतो. त्याच्या निस्सान सिल्व्हिया एस१५ला तो गॅरेटचा जीटी३०७६आर टर्बो बसवतोय. टर्बो एकच, पण टर्बाइनच्या बाजूचं हाउसिंग ०.६३, ०.८२ आणि १.०६ अशा तीन मापांत मिळतं. भाऊ म्हणतो, मोठं घेतलं की ताकद जास्त. त्याचा मेकॅनिक म्हणतो, लहानच घे. खरं कोणाचं? (एक वाचक, पुणे)

उत्तर : दोघांचंही खरं आहे, फक्त दोघांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळी गाडी आहे. भावाला सात हजार आरपीएमला पळणारी गाडी दिसतेय, मेकॅनिकला सिग्नलवरून निघणारी.

आधी तो आकडा समजून घेऊ. हाउसिंग म्हणजे टर्बाइनच्या चाकाभोवती गुंडाळलेली ओतीव लोखंडाची पोकळ वाट. एक्झॉस्टचा वायू फ्लँजमधून आत शिरतो आणि वाट वळत जाते तशी अरुंद होत जाते. या वाटेचा कुठेही आडवा छेद घ्या. त्याच्या क्षेत्रफळाला छेदाच्या मध्यापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतच्या अंतराने भागा. वाट अरुंद होते तशी शाफ्टच्या जवळही येते, म्हणून भागाकार सगळीकडे जवळपास सारखाच राहतो. हाच ए/आर. बहुतेक हाउसिंगवर तो ओतकामातच उमटवलेला असतो.

म्हणजे ०.८२ हे हाउसिंगचं आकारमान नव्हे, गुणोत्तर आहे. इथे पुष्कळांची फसगत होते. दोन वेगळ्या टर्बोंवर ०.८२ लिहिलेलं असलं, तरी आतली चाकं वेगळी असतील तर दोन्हींतून जाणारा वायू सारखा नसतो. ए/आरची तुलना करायची ती एकाच टर्बोच्या हाउसिंगमध्ये. मित्सुबिशी लान्सर इव्होच्या टर्बोच्या नावात १०.५ येतं, ते तर ए/आरही नाही. ते चौरस सेंटिमीटरमधलं क्षेत्रफळ आहे.

आता परिणाम. बागेतल्या पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की पाण्याची धार जोरात जाते, पण बादली भरायला उशीर लागतो. लहान ए/आर म्हणजे तो अंगठा. कमी आरपीएमला एक्झॉस्ट थोडाच असतो. अरुंद वाटेतून तो वेगाने चाकावर आदळतो, चाक लवकर फिरतं, लॅग कमी होतो आणि पिकअप चटकन मिळतो. पण आरपीएम चढल्यावर एक्झॉस्ट वाढतो आणि तीच वाट अपुरी पडते. मॅनिफोल्डमध्ये दाब साठतो, त्याच्याविरुद्ध पिस्टनला वायू ढकलावा लागतो. जळलेला थोडा वायू सिलिंडरमध्येच उरतो, पुढचा चार्ज तापवतो, नॉकिंगची भीती वाढते, म्हणून इग्निशन मागे घ्यावं लागतं आणि ताकद उतरते. मोठ्या ए/आरचं नेमकं उलट : सुरुवातीला सुस्त, वर मोकळं.

‘लहान हाउसिंगने बूस्ट जास्त मिळतो’ असंही सर्रास बोललं जातं. पण बूस्ट किती ठेवायचा हे वेस्टगेट, म्हणजे जादा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा देऊन सोडणारी झडप, ठरवतं. १.२ बार बूस्ट दोन्ही हाउसिंगना ठेवता येईल; प्रश्न आहे तो त्यासाठी टर्बाइनच्या अलीकडे किती दाब मोजावा लागतो याचा. कॉम्प्रेसरच्या हाउसिंगलाही ए/आर असतो, पण त्याचा परिणाम इतका किरकोळ की त्यावर डोकं शिणवू नये.

मग मापं तीन का? कारण हा टर्बो गॅरेट १.८ ते ३ लिटरपर्यंतच्या इंजिनांसाठी विकते. तीन लिटरचं इंजिन जेवढा एक्झॉस्ट सोडतं तेवढा सिल्व्हियाचं दोन लिटरचं एसआर२० सोडणार नाही. तेव्हा १.०६ बाजूला ठेवा. ट्रॅकवर आरपीएम सतत वरच ठेवायचे असतील तर ०.८२. रोज शहरात आणि अधूनमधून ट्रॅकवर, असं असेल तर मी ०.६३ घेईन. एस१५च्या स्पेक-आरला कंपनीकडूनच २५० पीएस होते, तेही याहून लहान टर्बोवर. नव्या टर्बोने खालचा सगळा जोर गेला तर ती गाडी चालवण्यातली मजाच जाईल.

दोन्ही सुखं एकदम मिळत नाहीत का? मिळतात, हाउसिंगमध्ये गरजेप्रमाणे वाट अरुंद आणि मोकळी करणारी हलती पाती बसवली तर. पुण्याजवळ रांजणगावला बनलेल्या फियाट पुंटोचं १.३ लिटरचं मल्टिजेट आठवा : साध्या टर्बोवर ७६ पीएस, हलत्या पात्यांच्या टर्बोवर ९०च्या पुढे. पेट्रोलचा एक्झॉस्ट डिझेलपेक्षा बराच तापतो, त्यात ही पाती टिकवणं अवघड. पोर्शेने २००६ सालच्या ९११ टर्बोमध्ये खास उष्णता सोसणारे मिश्रधातू वापरून ते साधलं. सिल्व्हियासाठी तो मार्ग परवडणारा नाही.

भावाला एक काम मात्र जरूर करायला सांगा. मॅनिफोल्डला छिद्र पाडून स्टीलची नळी बसवायची, ती लांब वळवून घ्यायची म्हणजे गेजपर्यंत उष्णता पोहोचत नाही, आणि पूर्ण थ्रॉटलवर तिथला दाब बूस्टच्या शेजारी वाचायचा. दोन्ही जवळपास सारखे असतील तर हाउसिंग उत्तम बसलंय. एक्झॉस्टचा दाब बूस्टच्या दुपटीवर गेला तर ०.८२ कडे वळावं. आतलं चाक तेच राहतं, फक्त हाउसिंग बदलतं. पण बूस्ट चढण्याचा आरपीएम सरकतो, म्हणून इंधनाचं आणि इग्निशनचं ट्यूनिंग डायनोवर पुन्हा करावं लागतं. तो खर्च हाउसिंगच्या किमतीत आधीच धरायला हवा.