आधी रूळ, मग इंजिन

चौदा महिने वाट पाहिलेलं वाफेचं इंजिन श्रावणातल्या एका शनिवारी माझ्या ओटीवर येऊन उतरलं, आणि ते चालवायला हातभर रूळही जागेवर नव्हता. बाहेर आमच्या लोधिवली गावचा पाऊस कोसळत होता. खोक्यातून साडेतीन किलोचं, कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढं हिरवं इंजिन निघालं. आई म्हणाली, "आता याला ठेवणार कुठे?" तिनं चेष्टेनं विचारलं होतं, पण माझ्याकडे उत्तर नव्हतं.

विजेवर चालणारी छोटी आगगाडी पुष्कळांनी पाहिली असेल. माझ्या इंजिनाला वीज लागत नाही. पोटात गॅसची ज्योत, बॉयलरमध्ये जेमतेम पेलाभर पाणी, आणि सायकलच्या ट्यूबमध्ये असतो तेवढा, सुमारे ४० पौंडांचा दाब. एकदा भरलं की वीसेक मिनिटं चालतं. मोठं इंजिन जे करतं ते सगळं हे करतं. पोळवतंसुद्धा.

हे वेड माथेरानमुळे लागलं. त्या डोंगराचा चौक पॉइंट आमच्या शेजारच्या चौक गावाकडेच तोंड करून उभा आहे. लहानपणी वडिलांचं बोट धरून नेरळला गेलो, तेव्हा छोट्या गाडीला वाफेचं इंजिन होतं. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधलेली ती लाइन १९०७ साली सुरू झाली. रुळांतलं अंतर दोन फूट, चढ २० ला १. जर्मनीतल्या ओरेन्स्टाइन अँड कॉपेल कंपनीच्या इंजिनांचे टोकाचे आस वळणावर थोडे सरकत, म्हणून ती त्या नागमोडी वाटेवर निभावली. पुढे डिझेल आलं आणि १९८०च्या दशकात वाफ थांबली. त्यातलं एक इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. निवृत्तीचे पैसे हातात आल्यावर मला त्याच्या घाटणीचं एक छोटं इंजिन हवंसं झालं.

परदेशातल्या एका छोट्या कारखान्याकडे नाव नोंदवलं. अशी इंजिनं थोडीच बनतात, वर्ष-दीड वर्ष थांबावं लागतं. त्या काळात मी काय केलं? रात्र रात्र व्हिडिओ पाहिले, इंजिनाला नाव ठरवलं, पितळी पाटी करून घेतली, नात्यातल्या प्रत्येकाला फोटो दाखवले. बाजारात तुरी, अन् इकडे पाटीवरच्या अक्षरांवरून आमच्या हिच्याशी वाद. ज्याला चौदा महिने खरोखर लागले असते ते काम, म्हणजे रूळ, तसंच राहिलं.

रूळ विकत घेतला होता, पण चुकीचा. या प्रमाणात खऱ्या एका फुटाला १६ मिलिमीटर धरतात. माथेरानचे दोन फूट म्हणजे ३२ मिलिमीटर, आणि इंजिन मी त्या मापाचं मागवलं होतं. मध्यंतरी ४५ मिलिमीटरचा जुना रूळ स्वस्तात मिळाला, तो घेऊन टाकला. काही इंजिनांची चाकं दोन्ही मापांना सरकवता येतात. माझ्याची येत नव्हती. म्हणून पहिला सल्ला हा की माप आधी कागदावर लिहा, आणि इंजिन, डबे, रूळ सगळं त्याच कागदाशी ताडून घ्या. सोबत इंजिनाला लागणारी किमान त्रिज्याही लिहा. अंगणात तेवढं वळण बसत नसेल तर ते इंजिन आपलं नव्हे.

पैशाचंही सांगतो. इंजिनाच्या किमतीवरच मी हिशेब थांबवला होता, सीमाशुल्क धरलंच नव्हतं. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २० वरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. पितळ-पोलादाची ही वस्तू कागदोपत्री खेळणंच ठरली आणि डबे घ्यायला ठेवलेले पैसे तिथे गेले. ऑर्डर देण्याआधी कस्टम्स एजंटला त्या दिवसाचा दर विचारा. बिलावर 'प्रौढांसाठीची प्रतिकृती' असं स्पष्ट लिहून मागा. गॅसचा डबा कोणा पाहुण्याबरोबर विमानातून मागवू नका, तो नेताच येत नाही.

आता दसऱ्याची गोष्ट. योग्य मापाचा रूळ आणून मी घाईघाईनं गवंड्याकडून अंगणात कट्टा बांधून घेतला होता. आणि माथेरानचं इंजिन म्हणून हौसेनं चढही माथेरानचाच दिला, ६ मीटरमध्ये ३० सेंटिमीटर, म्हणजे २० ला १. शस्त्रपूजेत इंजिन मांडलं, झेंडूचा हार घातला, शेजारपाजारचे जमले. पाणी नळाचं भरलं. तेल शिलाई मशीनचं घातलं. मग गॅस भरायला बसलो. टाकी भरली की थोडा गॅस फस्सकन बाहेर उडतो, हे इंजिनासोबतच्या पुस्तिकेत वाचलेलं होतं. पूजेच्या ताटात निरांजन तेवत होतं, हे मात्र डोळ्यांना दिसूनही दिसलं नाही.

शेजारच्या काकांनी ताट उचललं आणि एका फुंकरीत निरांजन विझवलं. काकांनी पाताळगंगेच्या एका कारखान्यात तीस वर्षं बॉयलर सांभाळला आहे. ते एवढंच म्हणाले, "अरे, भांडं लहान म्हणून वाफ लहान होत नाही."

ज्योत लागली, काटा वर गेला, सेफ्टी व्हॉल्व्ह शिटी मारल्यासारखा सुटला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. इंजिन चढाला लागलं आणि मध्येच अडलं. मी वाफेची कळ आणखी उघडली. ते हळूहळू माथ्यावर पोचलं आणि तिथून खाली जे सुटलं ते कोणाच्या हाती लागेना. खऱ्या इंजिनात माथा आला की वाफ आवरायला आणि ब्रेक लावायला ड्रायव्हर असतो. माझ्या इंजिनात रिमोट नव्हता, ब्रेकही नव्हता. वळणावर रूळ सोडून वाफेचं इंजिन थेट अळूच्या वाफ्यात गेलं. आडवं पडलं तरी आतली ज्योत जळतच होती. घाबरून मी ते उघड्या हातांनी उचललं. बोटांना फोड आले, चिमणी वाकली, एक नळी निखळली.

नळी दुरुस्त होईतो महिना गेला. त्या महिन्यात पुस्तिका पुन्हा वाचली, या वेळी काकांना शेजारी बसवून.

काकांनी शिकवलेला क्रम आता कट्ट्यावर रंगवून ठेवला आहे. आधी तेल, मग पाणी, शेवटी गॅस. गॅस भरताना दिवा, उदबत्ती, विडी काही जवळ नको. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचून राहतो. म्हणून भरायचा एका जागी आणि पेटवायचं चार पावलं दूर, वास गेल्यावर. घरगुती सिलिंडरमधून तो काढायचा विचारही करू नका. गॅस पाण्याच्या आधी संपेल अशीच या इंजिनांची रचना असते. नुसता गॅस पुन्हा भरून पुढे चालवलं तर बॉयलर कोरडा तापतो. उन्हात निळी ज्योत दिसत नाही, म्हणून कानानं ओळखायला शिका. चामड्याचे हातमोजे जवळ हवेत, आणि मुलं हातभर लांब.

शिलाई मशीनचं तेल वाफेपुढे टिकत नाही, धुऊन जातं. इथे लागतं ते स्टीम ऑइल, काकवीसारखं दाट. वाफ तेलाच्या डबीत शिरून थंड होते, तिचं पाणी तळाशी बसतं आणि तेवढं तेल वर सरकून सिलिंडरकडे जातं. म्हणून दर फेरीनंतर डबीतलं पाणी काढून टाकावं लागतं. सुरुवातीला चिमणीतून तेलकट पाण्याचा फवारा उडतो. तो दोष नाही, पण दसऱ्याचा पांढरा सदरा घालून समोर उभं राहू नये.

पाण्याचं उत्तर आपल्या डोक्यावरच होतं. आमच्या बोअरच्या पाण्यानं पाणी तापवायच्या रॉडवर दोन महिन्यांत पांढरा थर चढतो. तोच बॉयलरमध्ये चढतो, आणि तिथे घासायला हात जात नाही. बॅटरीचं पाणी काही उत्पादक बजावून नको म्हणतात. मी आता पहिले दोन पाऊस पागोळीवरून वाहून जाऊ देतो, मग प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी धरतो आणि दुहेरी फडक्यातून गाळून बाटल्यांत भरतो. आपल्या मुलखात वर्षभराचं पाणी आषाढात जमतं.

तोच पाऊस चार महिने इंजिनाचा वैरी असतो. रुळावर शेवाळ, लाकडी पट्ट्यांना बुरशी, पोलादी चाकांवर एका रात्रीत तांबूस डाग. जूनच्या सुरुवातीला मी बॉयलर रिकामा करतो, चाकांना तेल पुसतो आणि इंजिन सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवतो. दिवाळीनंतर बाहेर काढतो. म्हणजे वर्षातले सात महिनेच ते माझं असतं, हेही घेण्याआधी धरून चला.

चढ मी तोडला. कट्टा पुन्हा बांधला, संपूर्ण सपाट. पाणसळीतला बुडबुडा प्रत्येक वीटभर अंतरावर मधोमध येईपर्यंत गवंड्याला सोडलं नाही. आता रविवारी सकाळी इंजिन एकाच संथ चालीनं फिरतं आणि आई खुर्ची टाकून फेऱ्या मोजते. मागच्या वेळी एकवीस झाल्या.

तुम्हालाही असं इंजिन घ्यायचं असेल तर जरूर घ्या. नाव नोंदवण्याआधी नेरळला एक फेरी मारा, पुण्याला कोथरूडमधलं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहा, आणि वाट पाहण्याचे महिने गवंड्याला द्या. इंजिन उशिरा आलं तर काही बिघडत नाही. मात्र ऑर्डरचे पैसे भरण्याआधी अंगणात एकदा पाणसळ ठेवून बघा.