एका कागदाचं पुस्तक: झाइन कसं करायचं आणि त्याची किंमत कशी ठरवायची?



आजचा पाठ कार्यानुभवाचा आहे, पण त्यात भाषा आहे आणि गणितही आहे. एका कोऱ्या कागदाचं आठ पानांचं पुस्तक करायचं, त्याच्या प्रती काढायच्या आणि त्या योग्य किमतीला विकायच्या. शेवटचा भाग सगळ्यांत अवघड आहे, म्हणून त्याला जास्त जागा दिली आहे.

झाइन म्हणजे काय?

स्वतः लिहिलेलं, स्वतः चित्रं काढलेलं, स्वतः घडी घालून किंवा शिवून तयार केलेलं छोटं पुस्तक म्हणजे झाइन. १९३० मध्ये अमेरिकेतल्या शिकागो शहरात विज्ञानकथांच्या चाहत्यांनी ‘द कॉमेट’ नावाचा अंक काढला. १९४० मध्ये अशा चाहत्यांच्या अंकांना ‘फॅनझाइन’ हे नाव मिळालं. पुढे ‘फॅन’ गळून पडलं आणि ‘झाइन’ उरलं.

आपल्याकडे हे होतं का?

होतं, आणि तेही शाळेतच! साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ काढायचे. हे दैनिक हातानं लिहिलेलं असायचं. छापखाना नाही, यंत्र नाही. लिहिणारा एक आणि वाचणारी मुलं. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिकही सुरू केलं. तुमच्या शाळेत दरवर्षी जो हस्तलिखित अंक निघतो, तो याच वाटेवरचा.

नंतर १९५० च्या दशकात मुंबईत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ काढलं. ते सायक्लोस्टाइल केलेलं होतं. सायक्लोस्टाइल म्हणजे काय? मेणाच्या कागदावर टाइपरायटरनं किंवा टोकदार लेखणीनं अक्षरं कोरायची, वरून शाईचा रूळ फिरवायचा. कोरलेल्या जागेतून शाई खालच्या कागदावर उतरते. साठच्या दशकात अशोक शहाण्यांचं ‘असो’, राजा ढाल्यांचं ‘येरू’ असे अंक निघाले. यांना लघुअनियतकालिकं म्हणतात. ‘अनियत’ म्हणजे ज्याची वेळ ठरलेली नाही ते. मोठी मासिकं जे छापत नव्हती, ते या मंडळींनी स्वतः छापलं.

आपलं झाइन कशावर?

आपण रिसोड तालुक्यातल्या केनवडचं उदाहरण घेऊ. तिथल्या वावरातली अवजारं पहा: वखर, डवरा, तिफण. पेरणी ट्रॅक्टरवर गेली की तिफण कोठ्यात जाऊन पडते आणि तिच्या भागांची नावंही मागं पडतात. आजोबांना ती नावं येतात, नातवाला येत नाहीत. आठ पानांत आठ गोष्टी मावतात: मुखपृष्ठ, पाच पानांवर अवजारं व त्यांच्या भागांची नावं, एका पानावर आजोबांची आठवण आणि मागं तुमचं नाव-गाव. रोडगे कसे करायचे, यावरही झाइन होईल. मात्र ज्यांनी सांगितलं त्यांची परवानगी घ्या, नाव द्या. इंटरनेटवरचं चित्र उचलू नका, स्वतः काढा.

कृती

१. ए-फोर कागद आडवा धरा. लांबीत एकदा दुमडून उघडा. मग रुंदीत दोनदा दुमडून उघडा. चार स्तंभ, दोन ओळी, म्हणजे आठ चौकटी दिसतील.

२. खालच्या ओळीत डावीकडून पान ६, ७, ८, १ असं सुलट लिहा.

३. वरच्या ओळीत डावीकडून ५, ४, ३, २ असं उलटं, म्हणजे डोकं खाली करून लिहा.

४. काळ्या पेनानं लिहिलंत तर झेरॉक्स चांगली येते. एकाच बाजूनं झेरॉक्स काढायची.

५. डावी कड उजव्या कडेवर आणून कागद दुमडा. दुमडलेल्या बाजूनं मधल्या आडव्या घडीवर पुढच्या उभ्या घडीपर्यंत कापा. तिथंच थांबा!

६. कागद उघडून लांबीत दुमडा, दोन्ही टोकं आत ढकला. वरून पाहिलं तर अधिकचं चिन्ह दिसेल. पानं एका दिशेनं मिटवा. झालं पुस्तक, ७४ बाय १०५ मिलिमीटरचं.

आता हिशेब

बहुतेक जण इथं काय करतात? झेरॉक्स आणि कागदाचे पैसे मोजतात, त्यावर थोडे वाढवतात आणि म्हणतात, “नफा झाला.” स्वतःचे हात हिशेबात धरतच नाहीत. शेतातही हेच होतं. बाहेरच्या मजुराला दिलेले पैसे लक्षात राहतात, पण घरच्या माणसांनी केलेलं निंदण कोणी मोजत नाही. केंद्र सरकारचा कृषी खर्च व मूल्य आयोग मात्र ते मोजतो. त्याच्या ‘ए-टू अधिक एफ-एल’ या हिशेबात खिशातून गेलेला खर्च आणि घरच्यांची मजुरी, दोन्ही असतात. आपणही तसंच करू.

समजा, १०० प्रती करायच्या आहेत आणि एका तासाची मजुरी ६० रुपये धरली आहे. (आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमच्या गावचे दर घ्या.) एका प्रतीचा खर्च असा:

- कागद व झेरॉक्स: २ रुपये
- रंगीत कव्हर व दोरा: ४ रुपये
- प्रवास व खराब गेलेल्या प्रती: २ रुपये
- कापणं, घडी घालणं, ५ मिनिटं: ५ रुपये
- मूळ अंक तयार करणं, १० तासांचे ६०० रुपये, १०० प्रतींत वाटून: ६ रुपये

एकूण १९ रुपये. यातले खिशातून गेलेले फक्त ८ रुपये, बाकीचे ११ रुपये तुमची मजुरी.

आता १५ रुपयांना विकलं, तर ७ रुपये सुटले असं वाटतं. खरं तर प्रत्येक प्रतीमागं तुम्ही स्वतःचेच ४ रुपये बुडवले. २० रुपये ठेवले आणि दुकानदारानं २५ टक्के कमिशन घेतलं, तर हातात येतात १५, म्हणजे तोच तोटा. ३० रुपये ठेवले, तर दुकानातून २२.५० मिळतात आणि स्वतः विकलं तर पूर्ण ३०. दोन्हीकडे मजुरी निघते.

आणखी एक आकडा पाहू. १०० प्रतींचा एकूण खर्च १९०० रुपये. ३० रुपयांनी स्वतः विकल्या, तर २७ प्रतींत खिशातले ८०० परत येतात, पण मजुरीसकट सगळं निघायला ६४ प्रती खपाव्या लागतात. म्हणून आधी २०-२५ प्रती काढा, स्नेहसंमेलनात किंवा यात्रेत ठेवून पहा, मागणी दिसली की पुढच्या काढा. मूळ अंक तर एकदाच करायचा असतो.

“एवढ्याशा कागदाचे तीस रुपये?” असं कोणी विचारलं तर चिडू नका. कशाला किती वेळ लागला ते सांगा. तरी नको म्हणाले तर हसून पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळा. भेट द्यायची असेल तर खुशाल फुकट द्या, पण वहीत ‘भेट’ म्हणून लिहा. विक्री आणि भेट यांची सरमिसळ झाली की धंदा कळेनासा होतो.

घरातल्या मोठ्यांना किंवा बचत गटाला हे काम नियमित करायचं असेल, तर सरकारच्या उद्यम पोर्टलवर नोंदणी करता येते. तिला शुल्क लागत नाही, त्यामुळे त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

स्वाध्याय

१. घरातल्या एका वस्तूच्या सर्व भागांची नावं मोठ्यांना विचारून लिहा व त्याचं झाइन करा.

२. ‘अनियतकालिक’ शब्दाची फोड करून अर्थ सांगा.

३. ५० प्रती. खिशातला खर्च प्रतीमागं ९ रुपये, घडीची मजुरी ५ रुपये, मूळ अंकाला ४ तास, तासाला ६० रुपये. किंमत २५ रुपये ठेवून स्वतः विकल्यास किती प्रतींत सगळा खर्च निघेल? (उत्तर ३८ यायला हवं. रीत लिहून दाखवा.)

४. आईनं किंवा आजीनं घरी केलेल्या एखाद्या वस्तूला (गोधडी, पापड, कुरडया) किती तास लागले ते विचारा आणि तिची खरी किंमत काढा. तो आकडा त्यांनाही दाखवा.