ल लोक्ल : घरोघरच्या कारागिरांनी उभे केलेले घड्याळांचे गाव

स्वित्झर्लंड म्हटले की आपल्या व्यापारी बांधवांना दोन गोष्टी आठवतात, बँका आणि घड्याळे. बँकांविषयी पुष्कळ लिहिले जाते. आम्ही या वेळी घड्याळांच्या एका लहान गावाची माहिती देत आहोत. हे गाव सावकारी भांडवलावर नव्हे, तर घरी बसून काम करणाऱ्या कारागिरांच्या हातांवर उभे राहिले.

गावाचे नाव ल लोक्ल. न्यूशातेल प्रांतात, जुरा डोंगरात, फ्रान्सच्या सरहद्दीजवळ ते वसले आहे. उंची नऊशे मीटरहून अधिक, वस्ती सुमारे १० हजार, बोली फ्रेंच. हिवाळा लांब आणि बर्फ भरपूर, त्यामुळे नुसत्या शेतीवर पोट भरणे कठीण. दरीतला ओढा बाहेर न पडता जमिनीतल्या भुयारात गडप होत असे. तेव्हा १७व्या शतकात इथल्या लोकांनी भुयारात उतरून पाणचक्क्या बसवल्या! त्या आजही पाहायला मिळतात. ज्यांनी जमिनीखाली चक्की फिरवली त्यांना घड्याळाची चाके काय अवघड, असे आम्हाला वाटते.

घड्याळाचा धंदा इथे कसा आला? सांगतात ते असे. दानियल जाँरिशार हा पोरगेला कारागीर. घोड्यांच्या एका व्यापाऱ्याचे बिघडलेले घड्याळ त्याच्या हाती आले. त्याने ते दुरुस्त केले आणि मग तसेच स्वतः बनवून पाहिले. यात आख्यायिका किती हे सोडून देऊ. मात्र १७०५ च्या सुमारास हा उस्ताद ल लोक्लला स्थायिक झाला आणि त्याने शागीर्द तयार केले, हे इतिहासात नमूद आहे. गावात त्याचा पुतळा आहे.

पुढे जी पद्धत रूढ झाली ती आपल्या कारागिरांनी नीट समजून घ्यावी. एक व्यापारी कच्चा माल घेई आणि तो निरनिराळ्या घरी वाटी. एका घरी चाके, दुसऱ्या घरी काटे, तिसरीकडे तबकडी, चौथीकडे सोन्याचे पाणी. घरातल्या बायकाही कामाला हात लावीत. सुटे भाग गोळा करून घड्याळ जुळवायचे आणि बाजारात न्यायचे हे व्यापाऱ्याचे काम. म्हणजे एका घड्याळामागे कित्येक घरे. उजेड हेच या कामातले मोठे हत्यार, म्हणून कारागिराचे मेज खिडकीला टेकलेले असे. शेजारचे ला शो-द-फाँ हे मोठे गाव १७९४ च्या आगीनंतर पुन्हा बांधले गेले ते सरळ रस्त्यांचे, घराघरात ऊन आणि उजेड येईल असे. ल लोक्ललाही १८३३ मध्ये आग लागली. ही दोन्ही गावे २००९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आली.

माल तयार झाला तरी गिऱ्हाईक गावात नव्हते. ते दूर होते, म्हणून व्यापारी दूर गेले. टिसो हे घराणे १८५३ मध्ये इथेच सुरू झाले आणि पाच वर्षांतच त्यातला मुलगा घड्याळे घेऊन रशियात पोहोचला. आब्राहाम फाव्र याने १७३७ पासून चालवलेल्या घराण्यातील फ्रिट्झ फाव्र १८६५ मध्ये हिंदुस्थानात आला. मुंबईच्या बाजारात ‘फाव्र-लुबा’चे, म्हणजे आपल्या लोकांच्या तोंडच्या फेवर लुबाचे, नाव वडीलधाऱ्यांना अजून आठवते. त्या घड्याळाचा उगम या बर्फाळ गावात आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल.

त्याच १८६५ साली जॉर्ज फाव्र-जाको या अवघ्या बावीस वर्षांच्या तरुणाने सगळे कसब एका छपराखाली आणायचे ठरवले. त्याच्या कारखान्यातून पुढे ‘झेनिथ’ हे नाव निघाले. १८६८ मध्ये गावात घड्याळ शिकवणारी शाळाही निघाली. घरचा मुलगा बापाकडे बघून शिके, तो आता शाळेतही बसू लागला.

यानंतरचे मोठे संकट आले ते १९६९ नंतर. त्या वर्षी जानेवारीत झेनिथने ‘एल प्रिमेरो’ हे यंत्र जाहीर केले. ते आपोआप चावी घेई आणि सेकंदाचा दहावा भाग मोजी. पण २५ डिसेंबरला जपानच्या सेइकोने बॅटरीवर चालणारे क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणले. अशी घड्याळे पुढे स्वस्त होत गेली आणि वेळ मात्र अचूक दाखवीत. स्विस घड्याळ धंद्यातील नोकऱ्या १९७० च्या सुमारास ९० हजारांच्या आसपास होत्या. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्या एक-तृतीयांशावर आल्या. ल लोक्लसारख्या गावात दुसरा धंदाच नव्हता, तेव्हा किती घरांच्या चुली मंदावल्या असतील?

झेनिथ १९७१ पासून एका अमेरिकी रेडिओ कंपनीच्या ताब्यात होते. १९७५ मध्ये तिकडून हुकूम आला की यांत्रिक घड्याळे बंद करा, अवजारे विका. शार्ल व्हर्मो हा तिथला जुना कारागीर. त्याने वर कळवून पाहिले. कोणी ऐकले नाही. मग त्याने एल प्रिमेरोचे साचे, कटर, दाबयंत्रे एकेक करून कारखान्याच्या माळ्यावर नेऊन लपवली. कोणती वस्तू कुठे, कशाची, हे सगळे तपशिलाने लिहून ठेवले. हुकूम मोडला हे उघडच आहे, आणि पकडला गेला असता तर नोकरी गेली असती. १९७८ मध्ये कारखाना पुन्हा स्विस मालकांकडे आला. पुढे यांत्रिक घड्याळांना मागणी येऊ लागली तेव्हा व्हर्मोची अवजारे उतरवून, त्याच्या नोंदींच्या मदतीने ते यंत्र पुन्हा बनू लागले. १९८८ मध्ये रोलेक्सनेही आपल्या डेटोना घड्याळासाठी तेच यंत्र घेतले. नुसती अवजारे लपवली असती तर निम्मेच काम झाले असते. त्याने कागद लिहिले, यात त्याचे शहाणपण आम्हाला अधिक दिसते.

आज गावात कारखाने चालू आहेत. रोज सकाळी सरहद्दीपलीकडच्या फ्रेंच गावांतून कामगारांच्या गाड्या येतात आणि संध्याकाळी परततात. जुलै-ऑगस्टमध्ये घड्याळवाल्यांची मोठी सुट्टी असते, तेव्हा गाव ओस पडते. व्हर्मोचा माळा झेनिथचे लोक पाहुण्यांना मुद्दाम दाखवतात.