बंद खिडकी, जड डोकं

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला.

सकाळी आठच्या लेक्चरला डोकं जड का असतं? मी जागरणाला दोष द्यायचे. मग मिनी प्रोजेक्टसाठी आणलेला कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर एका रात्री रूमवरच लावून ठेवला. आम्ही तिघी, दार बंद, खिडकी बंद. रात्री अकराला आकडा ६५० पीपीएम होता. सकाळी सहाला २,७००! बाहेरच्या हवेत तो साधारण ४२० असतो.

हिशेब सोपा आहे. झोपलेला माणूस तासाला अंदाजे १२-१३ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणजे तिघींचा जवळजवळ ४० लिटर. आमची रूम १० बाय १२, उंची १० फूट. त्यात हवा मावते सुमारे ३४,००० लिटर. तेव्हा दर तासाला आकडा ११००-१२०० ने चढणार. दाराखालच्या फटीतून थोडी हवा बदलते म्हणून निभावलं, नाहीतर सकाळपर्यंत ८,००० च्या वर गेला असता. आणि पंखा रात्रभर फुल स्पीडवर होता बरं का! पंखा हवा फिरवतो, बदलत नाही.

म्युनिकच्या पेटेनकोफर यांनी १८५८ सालीच खोलीतल्या हवेसाठी १,००० ची मर्यादा सुचवली होती. एवढ्या प्रमाणात हा वायू काही विष नाही, पण तो साचतोय म्हणजे बाकीचंही सगळं साचतंय, ही त्याची खूण. आमच्याकडे साचत होता कॉइलचा धूर. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीन आणि मलेशियातल्या कॉइल तपासल्या होत्या. एका कॉइलमधून निघालेले सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरले.

माझ्या रूममेटला दमा आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री दोन वाजता ती धापा टाकत उठून बसली. इनहेलर सापडेपर्यंत आम्ही दोघींनी काय करावं? गार वारा लागेल म्हणून खिडकीची उरलेली फटही लावून घेतली. कॉइल तशीच जळत होती. आठवलं की अजून लाज वाटते.

आता कॉइल बंद. वर्गणी काढून खिडकीला वेल्क्रोची जाळी लावली. दारावरच्या व्हेंटिलेटरला सीनियर्सनी पुठ्ठा चिकटवला होता, तोही काढला (कॉरिडॉरचा लाइट डोळ्यांवर येतो, पण चालतं). सकाळचा आकडा आता ८५०. सगळ्या खिडक्यांना जाळ्या बसवाव्यात म्हणून रेक्टर मॅडमना अर्ज दिलाय, त्यावर अजून सह्या हव्या आहेत. सह्या करायला याल तेव्हा एका रात्रीसाठी सेन्सरही घेऊन जा. फक्त अडॅप्टर परत आणा!